नादारीनंतर उरतं ते

दिवाळं व्यापाऱ्याचं निघतं. आपल्या माणसाचं निघत नाही. आपला माणूस कर्जात बुडतो, गाव सोडतो, नाव बदलून दुसऱ्या वस्तीत राहतो, कधी औषध पितो. पण त्याचं दिवाळं निघालं असं कुणी म्हणत नाही. पूर्वी पेढी बुडाली की मालक भर दिवसा दुकानात दिवा लावायचा आणि घेणेकऱ्यांनी काय ते समजून घ्यायचं, अशी या शब्दाची हकिगत सांगतात. म्हणजे दिवा लावायला आधी पेढी पाहिजे. ज्याला पेढीची पायरी चढायची बंदी होती त्यानं दिवा कुठं लावायचा?

कोर्टाच्या भाषेत दुसरा शब्द आहे, नादार. ज्याच्यापाशी काही नाही तो. या हिशेबानं गावकुसाबाहेरची सगळी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नादारच होती. पण कायद्यानं नादार ठरायचं तर अर्ज करावा लागतो, वकील धरावा लागतो, फी भरावी लागते. आपल्यापाशी काही नाही हे सिद्ध करायलासुद्धा काहीतरी लागतं.

मित्रांनो, हे लिहायचं कारण असं. आमच्या वांद्रे पूर्वेला, खेरवाडीपासून भारतनगरपर्यंत, एक सल्ला तोंडातोंडी फिरत असतो. कर्ज अंगावर आलंय? नादारी घे, सगळं साफ. पोरं येऊन विचारतात, खरं का? कार्यकर्त्याला याचं उत्तर आलं पाहिजे. उत्तर असं की सगळं साफ होत नाही. नादारीनंतरही काही देणी उरतात. कुठली उरतात, कुणासाठी उरतात आणि त्यातली कुठली उरायलाच पाहिजेत, याचा इतिहास मी इथं मांडतोय. तो इतिहास वकिलांपाशी सोडून चालणार नाही.

सुरुवात मनूपासून करू, कारण कर्जाच्या बाबतीतही तो आडवा येतोच. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचा दर वर्णाप्रमाणे लावलाय. महिन्याला शेकडा ब्राह्मणाकडून २, क्षत्रियाकडून ३, वैश्याकडून ४ आणि शूद्राकडून ५. ज्याच्यापाशी सगळ्यात कमी, त्याला सगळ्यात जास्त व्याज. पुढं असंही सांगितलंय की ऋणको बरोबरीच्या किंवा खालच्या जातीचा असेल तर त्यानं अंगमेहनत करून कर्ज फेडावं. वरच्या जातीचा असेल तर त्यानं हळूहळू फेडावं. वेठबिगारी, सालगडी, घरगडी यांचं मूळ शोधत कुठं लांब जायला नको. वरच्याला सवलत आणि खालच्याला राबणूक, हे शास्त्रातच लिहून ठेवलंय.

त्याच शास्त्रात दामदुप्पटही आहे. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, असा नियम. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी तो इंग्रजी अमदानीतही मानला. नियम चांगलाच. पण तो कोर्टात चालायचा, आणि आपला माणूस नि त्याचा सावकार यांच्यामध्ये कोर्ट सहसा नव्हतंच. मध्ये होती ती काठी.

शास्त्रानं आणखी एक गाठ मारून ठेवली होती. बापाचं कर्ज फेडणं हे पोराचं धर्मकर्तव्य. बाप मेला तरी कर्ज मरत नाही. इंग्रजांच्या कोर्टांनी ही गाठ हिंदू कायदा म्हणून सोडवली नाही, उलट आवळली. बापानं जुगारासाठी, दारूसाठी किंवा अनीतीच्या कामासाठी काढलेलं कर्ज तेवढं त्यातून वगळलं. बाकी कर्ज वडिलोपार्जित मिळकतीवर येऊन बसायचं. हा धर्मकर्तव्याचा नियम २००५ सालच्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्यानं ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या कर्जांपुरता संपवला. आपण १९५६ साली धर्म सोडला, पण वारसाच्या बाबतीत तो कायदा बौद्धांनाही लागू केलेला आहे, म्हणून हे आपलंही प्रकरण आहे. आज वसुलीवाला दारात येऊन पोराला म्हणतो, बापाचं कर्ज आहे, तू भर. त्याला विचारा, बापाची मिळकत माझ्याकडं किती आली? आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी. पोरगा स्वतः जामीन राहिला असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर पोराच्या पगाराला, त्याच्या घामाला बापाचं कर्ज चिकटत नाही.

आता मुंबई. गिरण्या आल्या, गोद्या आल्या, रेल्वे आली, आणि कोकणातून, घाटावरून आपली माणसं या शहरात उतरली. रस्ते झाडायचं काम, कचरा-मैला उचलायचं काम, गिरणीत रिंग खात्यातलं काम. विणखात्यात आपल्याला घेत नसत, कारण तिथं तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि विटाळ व्हायचा. चांगला पगार विणखात्यात होता. म्हणजे जातीनं आधी पगार कमी केला आणि कमी पगारानं कर्ज आणलं. कर्जाचा हा पहिला हप्ता कुणाच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेला नसतो.

१९२९ साली सरकारनं व्हिटले कमिशन नेमलं, त्याचा अहवाल १९३१ साली आला. बहुतेक औद्योगिक गावांत दोनतृतीयांशापेक्षा कमी नाहीत इतकी कामगार कुटुंबं कर्जात आहेत, असं त्यांनी लिहिलं. बहुतेकांचं कर्ज तीन महिन्यांच्या पगाराच्या वर. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर. हिशेब करून बघा. सोळा आण्यांच्या रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. सोळा महिन्यांत व्याज मुद्दलाइतकं होतं. दामदुप्पट सोळा महिन्यांत भरते आणि मुद्दल जाग्यावरच. १९३८ साली गो. रा. प्रधान यांचं मुंबईच्या अस्पृश्य कामगारांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्याला बाबासाहेबांची प्रस्तावना आहे. आपल्या माणसाचा पगार, त्याचं घर, त्याचं कर्ज कुणीतरी मोजून कागदावर आणावं, याचं मोल बाबासाहेबांना ठाऊक होतं.

त्या काळी कर्जासाठी तुरुंग होता. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन सावकार माणसाला आत टाकू शकत असे. व्हिटले कमिशननं यावर बोट ठेवलं, आणि १९३६ साली दिवाणी कायद्यात दुरुस्ती होऊन ठरलं की ऐपत असून मुद्दाम न भरणारा, किंवा पळून जाणारा, मालमत्ता दडवणारा, अशालाच आत टाकता येईल. पुढं १९३७ साली महिना १०० रुपयांपर्यंतच्या पगाराला जप्तीतून सोडवलं. तरी गरिबाला धमकी द्यायला हा तुरुंग वापरला जातच राहिला. १९८० साली कोचीन बँकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी साफ सांगितलं की निव्वळ गरिबीमुळं कर्ज फेडता येत नाही म्हणून माणसाला तुरुंगात घालणं हे घटनेच्या २१ व्या कलमाविरुद्ध आहे. मित्रांनो, एवढा एक निकाल पाठ करून ठेवा. वसुलीवाला पोलिसांचं नाव घेतो तेव्हा उपयोगी पडतो.

पण तुरुंगातून सुटणं आणि कर्जातून सुटणं या दोन गोष्टी. कर्जातून सुटायचा कायदा म्हणजे नादारीचा कायदा. तो पहिल्यांदा आला १८२८ साली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांपुरता. कशासाठी? व्यापारासाठी. धंदा बुडालेल्या माणसानं असेल ते घेणेकऱ्यांत वाटावं आणि पुन्हा धंद्याला लागावं. १९०९ साली या तीन शहरांसाठी नवा कायदा झाला, प्रेसिडेन्सी टाऊन्स इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट. बाकी मुलखासाठी १९२० सालचा वेगळा.

इथं वांद्र्याची एक गंमत आहे. मुंबई शहर म्हणजे बेट, आणि ते माहीमच्या खाडीशी संपायचं. वांद्रे पलीकडं, आधी ठाणे जिल्ह्यात आणि १९२० पासून उपनगर जिल्ह्यात. माहीमच्या माणसाला एक कायदा नि हायकोर्ट, आणि कॉजवे ओलांडून आलं की वांद्र्याच्या माणसाला दुसरा कायदा नि जिल्हा कोर्ट. वांद्र्याच्या कत्तलखान्यात राबणाऱ्याला (तो कत्तलखाना १९७१ साली देवनारला गेला) आपण कुठल्या कायद्याखाली नादार, हे कोण सांगणार होतं? पुढं १९४५ साली बृहन्मुंबईच्या हद्दीचा कायदा झाला, हद्दी सरकत गेल्या आणि उपनगरं हायकोर्टाच्या मूळ अधिकारात आली. तेव्हापासून वांद्र्याच्या माणसाला नादारीसाठी फोर्टातल्या हायकोर्टात जावं लागतं.

तिथं काय होतं ते नीट समजून घ्या. ५०० रुपये कर्ज असलं तरी अर्ज करता येतो. ५०० हा आकडा १९०९ चा. कोर्टानं नादार ठरवलं की माणसाची सगळी मालमत्ता ऑफिशियल असायनी नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. नादाराकडं काय राहू द्यायचं? धंद्याची हत्यारं, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी नि सामान, त्याचं, बायकोचं आणि पोरांचं मिळून ३०० रुपयांपर्यंत. पगारातला काही भाग घेणेकऱ्यांना द्यायचा हुकूमही कोर्ट काढू शकतं. आणि नादार ठरणं म्हणजे सुटणं नव्हे. सुटण्यासाठी वेगळा अर्ज करून डिस्चार्जचा हुकूम मिळवावा लागतो. कोर्ट तो देईल, अटी घालील, लांबणीवर टाकील किंवा नाकारील. डिस्चार्ज मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये जरी उसने घेतले तरी गुन्हा. तोवर आमदारकी-खासदारकीलाही उभं राहता येत नाही, हे राज्यघटनेच्या १०२ आणि १९१ कलमात आहे. निवडणुकीची स्वप्नं बघणाऱ्या आपल्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. बहुतेक माणसं पहिला हुकूम हातात आला की पेढे वाटतात आणि पुन्हा कोर्टाकडं फिरकत नाहीत. पुढं तो हुकूम रद्द होतो आणि सगळे घेणेकरी परत दारात.

आता समजा डिस्चार्ज मिळाला. तरी काय उरतं? १९०९ च्या कायद्याचं ४५ वं कलम सांगतं. एक, सरकारचं देणं. दोन, लबाडीनं किंवा विश्वासघातानं केलेलं कर्ज. तीन, लबाडी करून ज्याची मुदत वाढवून घेतली ते कर्ज. चार, फौजदारी कायद्याच्या ४८८ कलमाखाली ठरलेली पोटगी. याशिवाय तारण ठेवलेल्या वस्तूवरचा सावकाराचा हक्क नादारीनं जात नाही, म्हणजे गहाण डाग गहाणच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जामीनदार सुटत नाही. बरोबरीनं सही केलेला भागीदारही सुटत नाही.

सरकारचं देणं का उरतं? कारण हा कायदा राजाच्या राज्यात झाला. राजाचं घेणं सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर, हा इंग्रजी रिवाज. राजा गेला, प्रजासत्ताक आलं, पण तो रिवाज कायद्याच्या पोटात राहिला. वाण्यानं सोडावं, सावकारानं सोडावं, सरकार मात्र सोडणार नाही. कल्याणकारी राज्य म्हणवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

जामीनदाराची गोष्ट मला घरातूनच माहीत आहे. माझा बाप सरकारी कचेरीत शिपाई. आम्ही वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत वाढलो, तिथं चौथ्या वर्गाच्या नोकरांच्या बिल्डिंगी होत्या. पतपेढीचं कर्ज घ्यायचं तर दोन जामीनदार लागतात, तेही नोकरीतले. आपल्याला जामीन कोण राहणार? आपलाच माणूस. म्हणून वसाहतीत सगळे एकमेकांना जामीन. बापाच्या बरोबरीच्या एका शिपायानं पोरीच्या लग्नासाठी कर्ज काढलं, मग आजारपण आलं, मग पठाणी व्याजाचं कर्ज, आणि शेवटी तो हायकोर्टात जाऊन नादार झाला. त्याची काही लबाडी नव्हती, तो खरंच संपला होता. पतपेढीनं त्याच्यावरची वसुली सोडली आणि बापाच्या पगाराला हात घातला. सहकार कायद्याच्या ४९ कलमाखाली पगारातूनच कपात. सात वर्षं. बाप रोज त्याच माणसाबरोबर एका बाकावर बसायचा, डबा खायचा. कायदा म्हणतो की जामीनदारानं भरलेले पैसे मूळ ऋणकोकडून मागता येतात. पण ज्याच्याकडून मागायचे तोच नादार. एकाचं कर्ज साफ झालं म्हणजे काय झालं? ते बाकावर एक जागा सरकलं.

हे नीट बघा. श्रीमंताचा जामीन त्याची मालमत्ता असते. गरिबाचा जामीन दुसरा गरीब असतो. म्हणून जामीनदार सुटत नाही हा नियम कागदावर सगळ्यांना सारखा असला तरी वस्तीत तो वेगळा चालतो. एक माणूस बुडतो तेव्हा दोन बरोबर ओढले जातात. आज हाच नियम बायकांच्या गटांवर चालतो. मायक्रोफायनान्सवाले पाच-दहा बायकांचा गट करतात, एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्यांनी भरायचा. त्या गटातली एखादी उद्या नादार ठरली तरी बाकीच्या सुटणार नाहीत, कारण त्यांनी बरोबरीनं अंगठा दिलाय.

याच्यापेक्षा वेगळा रस्ता या महाराष्ट्रात एकदा काढला गेला होता. १९७५ साली, आणीबाणीच्या दिवसांत. आणीबाणीबद्दल आपल्याला जे म्हणायचं ते म्हणू, पण हा कायदा विसरता कामा नये. २२ ऑगस्ट १९७५ ला महाराष्ट्र सरकारनं कर्जमुक्तीचा वटहुकूम काढला, पुढं त्याचा कायदा झाला. लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि कामगार, ठरावीक उत्पन्नाच्या खालचे, यांची सावकारी कर्जं संपली असं जाहीर केलं. अर्ज करून नादार ठरायची भानगड नाही. कर्ज संपलं, गहाण ठेवलेलं सामान परत द्या. सावकार सुप्रीम कोर्टात गेले. १९७७ साली कोर्टानं कायदा उचलून धरला, आणि निकाल लिहिणारे पुन्हा कृष्ण अय्यरच. त्याच सुमाराला, १९७६ साली, वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला. त्यानं वेठीला बांधणारं कर्जच मुळात नष्ट केलं. कर्जापोटी माणूस राबवून घेण्याचा मनूचा नियम कायद्यानं मेला तो तेव्हा.

पण १९७५ च्या कायद्यातही काही देणी उरली. सरकारचं, बँकेचं, सहकारी संस्थेचं कर्ज त्यातून वगळलं होतं. यात थोडं शहाणपण होतं, कारण पतपेढी बुडाली तर गरिबाचीच ठेव बुडते. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी भूतारण बँका आणि सहकारी संस्था मागितल्या होत्या, त्या सावकाराच्या तावडीतून माणूस सोडवण्यासाठीच. पण सहकाराच्या खुर्चीत कोण बसलं हे तुम्हाला माहीत आहे. आपला माणूस सभासद आणि जामीनदार, चेअरमन मात्र पाटलाचा पोरगा. आणि जिथं सावकाराचं कर्ज संपलं तिथं दुसरं कर्ज द्यायला कुणी उभं राहिलं नाही, तेव्हा माणूस गुपचूप पुन्हा त्याच सावकाराकडं गेला. कर्ज पुसणं हे अर्धंच काम. पुन्हा कर्ज काढायची वेळ येऊ नये हे दुसरं अर्धं, ते राहूनच गेलं.

आता अलीकडचं. २०१६ साली दिल्लीनं दिवाळखोरीची नवी संहिता केली. तिच्या तिसऱ्या भागात साध्या माणसासाठी तरतुदी आहेत. वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत आणि स्वतःचं घर नसलेल्या माणसाला नवी सुरुवात करता येईल, असं त्यात लिहिलंय. महिना ५,००० रुपये मिळवणारा माणूस. भारतनगरात एका खोलीचं भाडंच तेवढं असेल. बरं, तेवढं तरी दिलं का? १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग लागू केला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या लोकांपुरता. शेठ लोकांचं प्रकरण आधी. धुणंभांडी करणाऱ्या बाईची नवी सुरुवात पुस्तकातच पडून राहिली, आणि तिला आजही १९०९ चाच कायदा. २०२१ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कंपनी सुटली तरी तिचा जामीनदार आपोआप सुटत नाही. म्हणजे शेठला जो नियम तोच माझ्या बापाला. फरक एवढाच की शेठकडं वकिलांची फौज असते आणि बापाकडं पगाराची चिठ्ठी.

नव्या संहितेत न सुटणाऱ्या देण्यांची नवी यादी आहे. कोर्टानं केलेला दंड, निष्काळजीपणाची किंवा करार मोडल्याची नुकसानभरपाई, पोटगी, आणि विद्यार्थ्याचं शिक्षणकर्ज. हे शेवटचं १९०९ च्या यादीत नव्हतं, २०१६ साली घातलं. याचा अर्थ समजून घ्या. शिक्षणाच्या बळावर वर येणाऱ्या पिढीचं कर्ज आता न मरणाऱ्या कर्जांत बसवलंय. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, कॉलेज फी मागतं, पोरगं बँकेचं कर्ज काढतं. त्यामागचा हिशेब असा की शिकला म्हणजे नोकरी लागेल आणि फेडील. पण नोकरी आणि शिक्षण यांच्यामध्ये जात उभी आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. परदेशी शिक्षणासाठी मदत, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ साली ते बडोद्याला गेले. शिक्षण पुरं, करार पाळायची तयारी पुरी. पण शहरात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन लोकांनी बाहेर काढलं, कचेरीत शिपाई लांबून कागद टाकायचे. नोकरी सोडावी लागली. करार कुणी मोडला? कागद म्हणेल, ज्यानं सही केली त्यानं. इतिहास म्हणतो, बडोदा शहरानं मोडला. पुढं लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला १९२० साली ते परत गेले, तेव्हा नवल भथेना या मित्रानं उसने पैसे दिले. बाबासाहेब कर्ज काढून शिकले, हे आपण अभिमानानं सांगतो. मग आज कर्ज काढून शिकणाऱ्या पोराच्या पायात ही बेडी कायमची का?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग मागणी सरळ आहे, सगळीच देणी नादारीत संपवा. नाही. इथं थांबा. यादीत एक देणं असं आहे की ते उरलंच पाहिजे. पोटगी.

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण इथं आपली माणसं अडचणीत येतात. मुंबईचं कौटुंबिक न्यायालय आमच्या वांद्र्याला, कुर्ला संकुलात आहे. १९८४ च्या कायद्यानं ही न्यायालयं आली. तिथल्या आवारात कधीही जा, आपल्या वस्त्यांतल्या बाया पोर कडेवर घेऊन बसलेल्या दिसतात. नवरा पोटगी भरत नाही. विचारलं तर म्हणतो, कर्जबाजारी आहे, नादारी घेतो. यात जयभीम घालणारे, मोर्चात पुढं असणारेही आहेत. सावकाराच्या विरोधात घोषणा देणाऱ्यानं घरच्या बाईचं देणं बुडवायला सावकाराच्याच कायद्याचा आसरा घ्यावा, हे कुठल्या चळवळीत बसतं?

पोटगी कधी फार मोठी नव्हती. १८९८ च्या ४८८ कलमात महिना ५० रुपयांची मर्यादा होती, ती वाढत १९५५ साली ५०० झाली, आणि ५०० ची मर्यादा २००१ साली उठेपर्यंत तशीच होती. ४८८ चं १९७३ च्या संहितेत १२५ झालं आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४. क्रमांक बदलले, देणं तेच. नादारीच्या कायद्यानं १९०९ पासून त्याला हात लावलेला नाही. आणखी एक. थकबाकीच्या प्रत्येक महिन्यासाठी नवऱ्याला एक महिन्यापर्यंत तुरुंग होऊ शकतो. तुरुंगात जाऊन आलो म्हणजे फिटलं, असं म्हणणारे आहेत. १९८८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तुरुंग हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नाही. आत जाऊन आला तरी पैसे उरतात.

सावकाराचं कर्ज आणि पोटगी यांत फरक काय? सावकाराला पैसे आले नाहीत तर त्याचा नफा जातो. बाईला पैसे आले नाहीत तर पोराचं जेवण जातं. सावकारानं धोका पत्करून पैसे लावले होते, त्याबद्दल व्याज घेतलं होतं. बाईनं काय लावलं होतं? तिचं वय, तिची मेहनत, तिचं माहेर. नवऱ्याची नादारी ही तिची आधीपासूनचीच नादारी असते. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर ज्यांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यांचं नाव घेणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागू नये.

तेव्हा वस्तीत कुणी नादारीबद्दल विचारायला आलं तर आधी त्याची देणी दोन रकान्यांत लिहून घ्या. सुटणारी आणि न सुटणारी. सरकारचं किती, तारणावरचं किती, लबाडीचा आरोप कशावर येईल, पोटगीचा हुकूम आहे का, आणि जामीनदार कोण कोण. जामीनदारांना बोलावून समोर बसवा, कारण अर्ज एकाचा असला तरी पगार त्यांचा कापला जाणार आहे. पहिल्या हुकमावर थांबू देऊ नका, डिस्चार्जचा अर्ज करायला लावा. बाई पोटगीसाठी आली तर तिला सांगा, थकबाकीच्या वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो. वर्ष उलटलं की हा मार्ग अडतो. आणि १९०९ चा कायदा नाव घेतो ते फौजदारी कायद्यातल्या पोटगीचं, म्हणून तो हुकूम घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

आणि मागण्या? त्याही दोन रकान्यांत. २०१६ च्या संहितेतली गरिबाची नवी सुरुवात आजच्या महागाईचे आकडे घालून लागू करा. शिक्षणकर्ज न सुटणाऱ्या यादीतून काढा. दारिद्र्यरेषेच्या आसपासच्या माणसाचं सरकारी देणं नादारीत संपू द्या. पगारदार जामीनदाराच्या कपातीला मर्यादा घाला. हा एक रकाना. दुसऱ्या रकान्यात एकच ओळ. पोटगी उरली पाहिजे, आणि नवरा खरंच संपला असेल तर ती सरकारनं भरून मग त्याच्याकडून वसूल करावी. सरकारला स्वतःचं देणं इतकं प्यारं आहे ना, मग बाईचं देणं त्यानं आपलं म्हणून अंगावर घ्यावं.

पहिला रकाना घेऊन आपल्याला मंत्रालयावर जायचंय. दुसरा घेऊन आधी आपल्याच घरात जावं लागेल. जो दुसरा टाळील त्याला पहिल्यासाठी झेंडा धरायला देऊ नका.

जय भीम.